पडवीतले वेगळे कप

पत्राचा सारांश : रत्नागिरी तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. बागेवर आठ वर्षं एक नेपाळी गडी आहे, बहादूर. सीझनला तो गावाकडून आणखी तिघांना घेऊन येतो, शिवाय खालच्या वाडीतली कातकरी माणसं रोजावर येतात. यंदा मे महिन्यात पुण्यात समाजशास्त्रात एम.ए. करणारी माझी मुलगी घरी आली होती. आंबा उतरवून झाल्यावर तिने सगळ्यांसाठी घरातल्या कपांतून चहा नेला. सासूबाई म्हणाल्या, ‘अगो, त्यांचे कप वेगळे आहेत, पडवीतल्या कोनाड्यात.’ मुलगी म्हणाली, हा रेसिझम आहे. ह्यांना फार लागलं. बहादूरला डेंग्यू झाला तेव्हा ह्यांनी स्वतः त्याला गाडीत घालून रत्नागिरीला नेलं होतं, दोन रात्री उशाशी बसले होते. ‘माझ्या मनात कुणाबद्दल द्वेष नाही आणि मी वर्णद्वेष्टा?’ माझे दीर अठरा वर्षं आखातात होते. ते म्हणाले, ‘रेसिझम काय ते मला विचार. तिकडे कुणी मला नावाने हाक मारली नाही, सगळ्यांसाठी मी रफीक. काम एकच, पण पगार पासपोर्ट बघून. सोसलेली माणसं आपण, आपण कसले रेसिस्ट?’ मुलीचं म्हणणं, सत्ता हातात असते तोच रेसिस्ट असू शकतो. मग दिरांनी विचारलं, ‘बहादूर त्या कातकऱ्यांना आपल्या चुलीपाशी येऊ देत नाही, जंगली म्हणतो, ते काय?’ मुलगी म्हणाली, ते वाईट आहे, पण रेसिझम नाही, कारण त्याच्याकडे सत्ता नाही. ती तीन दिवस आधीच निघून गेली. तिच्यासाठी भरलेली पेटीसुद्धा नेली नाही. बापलेकीचं बोलणं बंद आहे. कोण बरोबर? आणि गणपतीत दोघं एका पंक्तीला बसावीत म्हणून मी काय करू?

ताई,

तुमचं पत्र वाचून संपल्यावर मी पुन्हा पहिल्या पानावर गेले, एक गोष्ट शोधायला. बागेवरच्या त्या माणसाबद्दल तुम्ही आपुलकीने लिहिलं आहे. त्याचं आजारपण, झाडावर चढण्यातलं कसब, गावाकडची दोन मुलं, सगळं आहे. त्याचं नाव मात्र कुठेच नाही. बहादूर हा शब्द नेपाळात पुष्कळांच्या नावात असतो, पण बहुतेक वेळा मधे असतो. आपण तो उचलला आणि तिकडून येणाऱ्या प्रत्येकाला चिकटवला.

तुमच्या दिरांना तिकडे रफीक म्हणायचे. रफीक म्हणजे सोबती, मित्र. बहादूर म्हणजे शूर. दोन्ही शब्द चांगले. तरी तो चांगला शब्द भावोजींना अठरा वर्षं बोचला आणि परत आल्यावरही विसरता आला नाही. का बोचला हे त्या घरात त्यांच्याइतकं कुणाला कळणार? हे लक्षात असू द्या, पुढे उपयोगी पडेल.

कोण बरोबर, ते आधी सांगते. कपांच्या बाबतीत तुमची लेक बरोबर आहे. व्याख्येच्या बाबतीत ती अर्धी बरोबर आहे. यजमान स्वतःच्या मनाबद्दल खरं बोलतायत, पण प्रश्न त्यांच्या मनाचा नव्हताच.

मराठीत आपण या सगळ्याला सरसकट वर्णद्वेष म्हणतो. शाळेत दक्षिण आफ्रिकेबद्दल शिकलो तेव्हापासून हा शब्द डोक्यात बसला, आणि त्याच्यासोबत एक चित्रही बसलं, गोरा मारतोय आणि काळा मार खातोय असं. शब्दातच द्वेष आहे, म्हणून ज्याला कुणाचा राग येत नाही त्याला वाटतं, हे आपल्याबद्दल नाही. पण भेदाला द्वेष लागत नाही, सवय पुरते. तुमच्या सासूबाई त्या माणसाच्या वाईटावर असतील असं मला मुळीच वाटत नाही. त्याच्या चहात दोन चमचे साखर जास्त त्याच घालत असतील. आणि त्याच हाताने तो कप धुऊन कोनाड्यात उपडा घालत असतील. या पत्रात मी वंशभेद हा शब्द वापरते. त्यात निदान मनाची झडती नाही.

आता व्याख्या. पूर्वग्रह अधिक सत्ता, ही मांडणी तुमच्या लेकीने घरी बसून काढलेली नाही. अमेरिकेत १९७० मध्ये पॅट्रिशिया बिडॉल यांनी ती या शब्दांत केली. त्याच्या तीन वर्षं आधी स्टोकली कारमायकेल आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी अमेरिकेतल्याच बर्मिंगहॅम शहराचा दाखला दिला होता. तिथे चर्चमध्ये बाँब ठेवून काळ्या मुलांचा जीव घेतला गेला तेव्हा सगळे हळहळले. त्याच शहरात पोटाला अन्न नाही, डोक्यावर धड छप्पर नाही, औषध नाही, म्हणून दरवर्षी कितीतरी काळी बाळं दगावत होती, त्यांच्यासाठी कुणी हळहळलं नाही. त्यांत मारेकरी दाखवता येत नव्हता. रचनेत मुरलेला असा भेद दिसावा म्हणून ती व्याख्या घडली, आणि ती नसती तर कितीतरी गोष्टी नुसतं नशीब म्हणून सोडून दिल्या गेल्या असत्या. लेकीला हे महत्त्वाचं वाटतं, यात तिची काहीच चूक नाही.

पण कापड पायलीने मोजत नाहीत आणि भात गजाने मोजत नाहीत. समाजाचा अभ्यास करताना लागणारं माप वेगळं, रोजच्या बोलण्यातलं वेगळं, कायद्याचं आणखी वेगळं. संयुक्त राष्ट्रांनी १९६५ मध्ये वंशभेदाविरुद्ध करार केला, भारताने १९६८ मध्ये तो मान्य केला. त्यात वंश, रंग, कूळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ यांवरून केलेला भेद धरला आहे, आणि ज्याचा हेतू किंवा परिणाम दुसऱ्याचे समान हक्क मारण्याचा असेल तो भेद, असं म्हटलं आहे. हेतू किंवा परिणाम. मनात नव्हतं, एवढं म्हणून तिथे सुटका होत नाही. आणि भेद करणारा गोरा की काळा, बलवान की दुबळा, असंही ती व्याख्या विचारत नाही.

शब्दकोश काढून भांडण मिटेल अशी आशा तुम्हाला आहे, असं पत्रावरून वाटलं. अमेरिकेतल्या मेरियम-वेबस्टर शब्दकोशाला २०२० मध्ये एका तरुण मुलीने पत्र लिहिलं होतं. ती वंशभेदाबद्दल बोलायला गेली की लोक तिच्यापुढे कोशातली ओळ धरायचे, बघ, यात तू म्हणतेस ते नाही. कोशवाल्यांनी तिचं ऐकलं आणि रचनेतला भेद स्पष्ट दिसेल अशी नोंद सुधारायचं ठरवलं. तिचं दुखणं लोकांनी ओळीच्या आड लपवलं होतं. तुमच्या घरातही तेच झालं. भावोजी, यजमान आणि लेक तिघंही व्याख्येवर बोलत राहिले आणि कप जिथे होते तिथेच राहिले.

सोसलेला माणूस भेद करू शकत नाही, हे भावोजींचं म्हणणं मी मान्य करू शकत नाही. युगांडा इंग्रजांच्या राज्यातून सुटलेला देश. तिथे १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई वंशाच्या लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला, त्यांत पुष्कळ गुजराती होते. इतक्या लांबही जायला नको. दिल्लीत २०१४ मध्ये अरुणाचल प्रदेशातला एक विद्यार्थी त्याच्या केसांवरून चिडवाचिडवी झाली, मारहाण झाली आणि जिवानिशी गेला. ग्रेटर नोएडात २०१७ मध्ये आफ्रिकी विद्यार्थ्यांना जमावाने झोडपलं. मारणाऱ्यांत कुणी गोरा नव्हता, सगळे आपलेच. भावोजींनी जे भोगलं ते खोटं ठरत नाही. उलट तेच त्यांचं भांडवल आहे.

आता एक विचारते. पडवीतला तो कोनाडा कधीपासून आहे?

माझं आजोळ गुहागरच्या बाजूला. खळ्यात कामाला येणाऱ्या बायामाणसांना आजी चहा द्यायची तो करवंटीत, वरून धार धरून. मी सहा-सात वर्षांची असेन. मला ती करवंटी बोळक्यासारखी वाटली, म्हणून मीही त्यातच चहा मागितला, आणि कुणी देईना तेव्हा जोत्याखाली उतरून एकीच्या पुढ्यातली उचलली. आजीने माझ्या हातावर चापट मारली. करवंटी खाली पडली आणि नुकत्याच सारवलेल्या खळ्यात गरगर फिरत राहिली. ती बाई उठली, वाकून करवंटी थांबवली, पदराने पुसली. हसली नाही, रागावलीही नाही. माझ्याकडे बघितलंच नाही तिने. आजीवर माझा जीव होता, आजही आहे. त्या बाईचं नाव मला कधीच कळलं नाही, आणि आता सांगणारं कुणी उरलं नाही.

पुढे करवंटी गेली, जर्मनचा पेला आला, मग दांडा तुटलेला कप. जागा तीच राहिली. म्हणून विचारलं. तुमच्या घरातला कोनाडा बहुतेक आठ वर्षांपूर्वीचा नाही, पिढ्यांचा आहे. तुमचा नेपाळी गडी आला तेव्हा तो तयारच होता, आणि परका म्हणून त्यालाही तिथे बसवलं गेलं.

मग हा वंशभेद की जातिभेद? लेकीने पहिला शब्द वापरला, मला दुसराही दिसतो. यावर जगात मोठा वाद होऊन गेला आहे. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डर्बनला वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा दलित संघटना म्हणाल्या की जातिभेदही यात घ्या, आणि आपल्या सरकारने विरोध केला की जात म्हणजे वंश नव्हे. जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनीही १९३६ सालच्या, न होऊ शकलेल्या भाषणात ठामपणे मांडलं होतं. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार वंशाने एकच, असं त्यांनी दाखवलं. पण त्यांनी ते मांडलं जातीला शास्त्राचा आधार नाही हे दाखवायला, तिची चौकशी टाळायला नाही. आणि १९६५ च्या करारातला ‘कूळ’ हा शब्द भारताच्याच सूचनेवरून आला होता. संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००२ मध्ये सांगितलं की या शब्दात जातही येते. आपली घटना या वादात अडकलीच नाही. पंधराव्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान असे पाचही शब्द एका ओळीत आहेत.

मी कोकणातली, मला महाड आठवतं. तिथल्या नगरपालिकेने १९२४ मध्येच ठराव करून चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं होतं. कागदावर काही उणं नव्हतं. तरी अस्पृश्यांना ते पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि त्यानंतर मार खावा लागला. ठराव आणि पाणी यांत तीन वर्षं गेली. तुमच्या घरात व्याख्या आणि चहा यांत तेवढी जाऊ नयेत, एवढंच मनापासून वाटतं.

राहिला भावोजींचा दुसरा प्रश्न, कातकऱ्यांचा. तो अगदी नेमका होता आणि लेकीने त्याला नीट उत्तर दिलं नाही. ज्या कातकरी बाईला चुलीपासून दूर हो म्हटलं जातं, तिला म्हणणाऱ्याच्या हातात किती सत्ता आहे याचा हिशेब करून कमी दुखत नाही. तो माणूस भेदच करतो आहे, सरळ म्हणायला हरकत नाही. तो गरीब आहे, परमुलखात आहे, म्हणून त्याला माफी देणं म्हणजे त्या बाईचं दुखणं आपण परस्पर माफ करणं. कातकरी महाराष्ट्रातल्या अतिमागास आदिवासींत मोडतात, त्यांना आधीच सगळे वरून बोलतात.

इथे आपला कायदा काय करतो ते बघण्यासारखं आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा ‘कोण करू शकतो’ हे स्पष्ट सांगतो. गुन्हा करणारा अनुसूचित जातीजमातीचा नसलेलाच असला पाहिजे. म्हणजे सत्तेचा विचार त्यातही आहे, तुमची लेक म्हणते तसा. पण त्यात खिसा बघितलेला नाही. गरीब नेपाळी मजूरही लोकांसमक्ष जातीवरून अपमान करून त्या कायद्यात सापडू शकतो.

तरी दोघांची पोच सारखी नाही, आणि लेकीच्या म्हणण्यातला खरा भाग इथे आहे. त्याची चूल त्या बाईला एका चहापुरती अडवते. तुमची पडवी रोज ठरवते, उचल ठरवते, पुढच्या वर्षी कोणाला बोलवायचं ते ठरवते. तुम्ही लिहिलंय की कातकरी बायकांचा रोज कमी आहे. नेपाळी पुरुष झाडावर चढतो म्हणून जास्त, एवढं समजलं. पण खाली पेंढा घालून पेटी भरणारी बाई आणि तेच काम करणारा दुसरा कुणी, यांचा रोज सारखा आहे का? तसा नसेल, तर चुलीपाशी त्याने जे केलं ते तो तुमच्या अंगणातच शिकला असेल. हे कडू आहे, पण न सांगता पुढे जाता येत नाही.

आता काय करायचं.

घरात सभा भरवू नका. एक डझन नवे कप आणा, साधेच, सगळे एका जातीचे, आणि घरच्या मांडणीत ठेवा. त्यातूनच तुम्ही चहा घ्या, त्यातूनच सगळ्यांना द्या. कोनाड्यातले जुने कप काढून टाका, नाहीतर महिन्याभरात आपोआप परत वापरात येतील. सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना लाजवूही नका. स्वच्छतेचा मुद्दा त्यांनी काढला तर सांगा की सगळेच कप गरम पाण्याने धुऊ. त्यांचा स्वतःचा पेला त्यांना वेगळा ठेवायचा असेल तर राहू दे. म्हाताऱ्या माणसाने स्वतःपुरतं सोवळं पाळणं आणि दुसऱ्यासाठी कोनाडा नेमणं यांत फरक आहे. आणि गड्यांना हाताला धरून माजघरात नेऊन बसवू नका, फोटो तर अजिबात काढू नका. त्यांना अवघडल्यासारखं होईल, आणि तो मोठेपणा त्यांच्या जिवावर मिरवला जाईल.

नावाचं काम यजमानांना सांगा. बागेवरच्या माणसाची माहिती पोलिसांकडे दिली असेल तर त्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स तुमच्या कपाटात असेल. त्यावर नाव आहे. आठ वर्षं ते घरातच आहे. त्याला विचारावं की तुला काय म्हटलेलं आवडेल. बहादूरच चालेल म्हणाला तर चालेल, पण विचारल्यानंतर. यजमान उशाशी बसलेले आहेत, त्यांना हे जड जाणार नाही.

भावोजींशी तुम्ही एकट्या बोला. लेक चुकली की बरोबर, हे काढू नका. नुसतं म्हणा, तिकडचं रफीक प्रकरण मला नीट सांगा. सांगू द्या त्यांना तासभर. सांगता सांगता त्यांना पडवी दिसेल असं मला वाटतं. नाही दिसली तर मग हळूच दाखवा.

आणि लेकीला फोन करून एवढं सांगा की कपांबद्दल ती बरोबर होती. हे तिला घरातल्या कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं आहे, व्याख्या नंतरची. मग हेही सांगा की बाबांना ‘तुम्ही रेसिस्ट आहात’ असं म्हटलं की ते स्वतःची बाजू मांडत बसतात, आणि ‘हे कप मला बघवत नाहीत’ म्हटलं असतं तर त्यांना कपांकडे बघावं लागलं असतं. माणसावर शिक्का मारला की माणूस शिक्का पुसायच्या मागे लागतो. तिला हे पटेल. नाही पटलं तर निदान ऐकेल. आणि कातकरी बाईच्या बाबतीत तिला एकदा विचारा, की तू तिच्याशी बोललीस का?

हे पत्र छापायचं कारण, असे कोनाडे तुमच्याच घरात नाहीत. मिरकरवाड्याला, हर्णैला बोटींवर नेपाळी खलाशी आहेत, मालवण-गुहागरच्या हॉटेलांत ईशान्येकडची पोरं आहेत, त्यांना हाक मारताना आपण देशाचं, चेहऱ्याचं नाव घेतो. नेपाळी माणूस चोरून आलेला नाही. १९५० च्या तहाने त्यांना इथे आणि आपल्याला तिथे राहायची, काम करायची मुभा आहे. ज्या रत्नागिरीने इंग्रजांनी हद्दपार केलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८६ पासून १९१६ मध्ये त्याचा शेवट होईपर्यंत पाहिलं, जिथे त्याची नात मराठी बोलत म्हातारी झाली, तिथे वेगळ्या नाकाडोळ्यांचं इतकं नवल का वाटावं? बोटवाल्यांनी, हॉटेलवाल्यांनी आज आपल्या माणसांची नावं, रोज आणि उचल एका वहीत लिहून काढावी. नाव लिहिताना पेन अडलं तर तिथून सुरुवात करावी.

गणपतीचं तुम्ही विचारलंत. त्याला अजून वेळ आहे, पण त्या दिवशीच सगळं जुळवू असं मनात धरू नका. सणाच्या दिवशी घर भरलेलं असतं, कुणालाच माघार घेता येत नाही. त्याच्या आधी, एखाद्या पावसाळी दुपारी, बाप-लेकीचा फोन व्हायला हवा, आणि तो यजमानांनी करायला हवा. नाव विचारून आल्यावर त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल.

पेटी राहिली ती राहिली, आंबा तर आता संपला. साठं घातली असतील तर दोन गुंडाळून पुण्याला जाणाऱ्या कुणाच्या हाती द्या. सोबत चिठ्ठीत सल्ला लिहू नका, कोनाड्यात आता काय ठेवलंय तेवढं लिहा.